ऑक्सफर्ड, एलएसई आणि बाबांची दोन एकर

प्रश्न : ताई, मी कळंबची (जि. धाराशिव). राज्यशास्त्रात बी.ए. केलं आणि गेली चार वर्षं एका संस्थेतर्फे गावांच्या नळयोजनांवर काम करतेय. नळ बसतो, एक उन्हाळा निभतो, दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर. असं का होतं ते नीट शिकावं म्हणून सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अर्ज केले. ऑक्सफर्डच्या ब्लाव्हात्निक स्कूलचं एक वर्षाचं एमपीपी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं दोन वर्षांचं एमपीए, दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. शिष्यवृत्ती नाही. ऑक्सफर्डचा खर्च घर तारण ठेवून भागेल. लंडनसाठी बाबा दोन एकर विकायला तयार आहेत. संस्था एक वर्षाची बिनपगारी रजा देते. गणित दहावीनंतर सुटलं. काय करू?

उत्तर : मी एलएसईची. २००७ ते २००९ तिथेच होते, त्यामुळे माझं मन कुठे ओढ घेतं ते आधीच सांगून टाकते. एलएसई जिथे आहे ती हॉटन स्ट्रीट म्हणजे एक गल्लीच. पण लायब्ररीतल्या त्या गोल जिन्यावरून चढताना छाती भरून यायची. पहिलं वर्ष अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्रात घासून निघालं. दुसऱ्या वर्षी गट करून एका खऱ्या संस्थेचा खरा प्रश्न सोडवायचा होता. नोव्हेंबर २००८ मध्ये राणी एलिझाबेथ नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आल्या आणि हे आर्थिक संकट कुणाला आधी दिसलं कसं नाही, असं तिथल्या अर्थतज्ज्ञांना विचारून गेल्या. आठवडाभर आमच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

तरी तुला मी ऑक्सफर्डच सांगेन.

शिकून परत आले तेव्हा मला नंदुरबारला, रोजगार हमीच्या कामावर जायचं होतं. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता होता महिन्याला २३ हजार. संस्थेचा पगार त्याहून कमी. म्हणून मुंबईत एका सल्लागार कंपनीत चार वर्षं काढली, ज्या गावांची नावंही मला धड माहीत नव्हती त्यांचे अहवाल लिहीत. माझी पहिली नोकरी विद्यापीठाच्या नावाने ठरली नाही, हप्त्याने ठरवली. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारण अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. दुसरं वर्ष म्हणजे पुन्हा फी, पुन्हा लंडनचं घरभाडं आणि तुझा बुडालेला पगार. शिवाय रजा एकाच वर्षाची, म्हणजे कामही सुटलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. घरोघरी नळ देणारं केंद्र सरकारचं जलजीवन मिशन माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतं. तेवढं दुसऱ्या उन्हाळ्यात का मिळत नाही? कुठे विहीर आटते, कुठे पाणीपट्टी वसूल होत नाही म्हणून वीजबिल थकतं आणि मोटारीचं कनेक्शन तुटतं, कुठे पंप बिघडला तर दुरुस्त करणारा कुणी नसतो. यात अर्थशास्त्र आहे, कायदा आहे, गावचं राजकारणही आहे. ऑक्सफर्डला हे सगळं एका वर्षात थोडं थोडं शिकवतात, आणि शेजारी बसलेला माणूस त्याच्या देशात पाणीखातं चालवून आलेला असू शकतो. चार वर्षं गावात काढलेल्या मुलीला या संगतीचा फार उपयोग होईल. उन्हाळ्यात एखाद्या संस्थेबरोबर प्रकल्पही असतो.

उणीव एकच, आणि ती मोठी आहे. एका वर्षात आकडेमोड मुरत नाही. एलएसईत मला रडायला वेळ मिळाला आणि मग शिकायलाही मिळाला. तुला तो मिळणार नाही. म्हणून आजपासून अकरावी-बारावीचं संख्याशास्त्र काढ. सरासरी, विचलन, सहसंबंध, सगळं तुझ्याच गावांच्या आकड्यांवर कर. प्रत्येक गावाची दोन वर्षांची वीजबिलं मिळव, मोटार कोणत्या महिन्यात बंद पडली ते समोर लिही, पाणीपट्टीची वसुली त्याच्या शेजारी मांड.

शिष्यवृत्तीचा विचार सोडू नकोस. ब्रिटन सरकारची शेवनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मिळते, दोन वर्षांच्या एमपीएला नाही. त्यानंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते, ती तुला जाचणार नाही. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. प्रवर्ग तू लिहिलेला नाहीस, लागू असेल तर चौकशी कर. यंदाच्या मुदती गेल्या असतील, तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का असं ऑक्सफर्डला आजच मेल करून विचार. ते नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करायचा. यात काही कमीपणा नाही. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून खुद्द बाबासाहेबांना १९१७ मध्ये एलएसईचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये तिथूनच डी.एस्सी. झाले.

बाबांना सांग, दोन एकर विकू नका. आणि घर तारण ठेवायच्या आधी बँकेकडून हप्त्याचं पूर्ण कोष्टक लेखी घे. परत आल्यावर संस्था किती पगार देणार हेही लेखी घे. दोन्ही कागद मला पाठव, मी बघते.