वडिलांना लघवीसाठी टॅम्सुलोसिन सुरू केली आणि चक्कर आली. गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७१ वर्षांचे आहेत, लघवीची धार बारीक झाली म्हणून डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम दिली, तिसऱ्या दिवशी पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आता ते गोळीला हात लावत नाहीत. शिवाय पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मी डॉक्टर नाही. पण हीच गोळी सहा वर्षं घेतोय आणि एका चुकीपायी हॉस्पिटलात रात्र काढली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोळी परस्पर बंद करू नका, आणि चक्कर आल्याचं पुढच्या तपासणीपर्यंत मनात ठेवूनही बसू नका. डॉक्टरांना आजच फोन करा. आज रात्रीचा डोस घ्यायचा की नाही, हेही त्यांनाच विचारा.

ही गोळी प्रोस्टेटचे (पुरुषांत मूत्राशयाच्या खाली असलेल्या ग्रंथीचे) आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते, म्हणून लघवीला वाट मिळते. तसेच स्नायू रक्तवाहिन्यांतही असतात. तेही थोडे सैलावतात, आणि झोपलेला माणूस झटकन उभा राहिला की बीपी खाली येतं. सुरुवातीच्या दिवसांत हे जास्त जाणवतं.

ती उपाशीपोटी घेतली तर औषध रक्तात जास्त उतरतं आणि चक्कर वाढते. रोज एकाच जेवणानंतर, साधारण अर्ध्या तासाने घ्यायची. तुमचे वडील एकादशी करत असतील तर त्या दिवसाचं आधीच विचारून ठेवा. आमच्याकडे माझं जेवण चुकायचं ते नेमकं उपवासालाच, आणि गोळी मात्र सवयीने घेतली जायची. कॅप्सूल उघडून आतले दाणे दुधात किंवा मधात घालू नका, चावूही देऊ नका. औषध दिवसभर हळूहळू सुटावं म्हणूनच ते तसं भरलेलं असतं.

रात्रीचं उठणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की घराचं सगळं चक्रच बदलतं. मी आधी कुशीवर वळतो, मग पाय खाली सोडून पलंगाच्या काठावर मिनिटभर बसतो, पायांचे पंजे खालीवर हलवतो आणि खुर्चीची पाठ धरून उभा राहतो. उभा राहिल्यावरही लगेच चालत नाही. पॅसेजमध्ये छोटा दिवा रात्रभर चालू असतो. लघवीही बसूनच करतो. वडिलांना हे पटायला वेळ लागेल, पण आग्रह धरा.

बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव फोनवर वाचून दाखवा. प्राझोसिन असेल तर आवर्जून सांगा. ती टॅम्सुलोसिनच्याच जातीची आहे आणि दोन्ही एकत्र झाल्या की बीपी फार उतरू शकतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं केटोकोनॅझोल कुणी लिहून दिलं, तरी ही गोळी चालू असल्याचं सांगायचं.

आता माझी चूक. गणपतीच्या दिवसांत सर्दी झाली, म्हणून मेडिकलमधून सर्दीची साधी गोळी आणली आणि दिवसभरात तीन घेतल्या. रात्री लघवी पूर्ण थांबली. ओटीपोट फुगून दगडासारखं झालं, बसवेना की झोपवेना. पहाटे तीनला नळी घातली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिलं मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला हे दोन्ही घातक. मेडिकलवाल्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वडिलांची लघवी अशी तुंबली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. थंडी वाजून ताप आला किंवा लघवीतून रक्त गेलं तरी वाट पाहू नका.

मोतीबिंदूचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आताच कळवा. या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ सैल पडतं आणि बाहुली आकसते. २००५ साली हे प्रथम नोंदवलं गेलं. सर्जनला आधी माहीत असेल तर ते तयारीनिशी ऑपरेशन करतात. गोळी आधी थांबवली म्हणून हा धोका जाईलच असं नाही, म्हणून पूर्वी कधी घेतली असेल तरी सांगायचं.

एक नाजूक गोष्ट. या गोळीने वीर्य कमी येतं किंवा येतच नाही. त्यात अपाय नसतो, पण पुरुष घाबरतो आणि कुणाशी बोलत नाही. लिंगाच्या ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल कुणी घेत असेल तर बीपी आणखी उतरू शकतं, आणि मुलासमोर कुठला बाप ते कबूल करेल? डॉक्टरांकडे गेलात की पाच मिनिटं बाहेर थांबा, त्यांना एकट्याने बोलू द्या.

एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बरेच दिवस खंड पडला तर विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करायची नाही, कारण पहिल्या दिवसांसारखीच चक्कर परत येऊ शकते. फोन करण्याआधी घरात बीपीचं मशीन असेल तर बसून एकदा आणि उभं राहून एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे डॉक्टरांना सांगा, म्हणजे वेळ बदलायची की औषध, हे ठरवणं त्यांना सोपं जाईल.