टीमची कामं नोंदवून त्यांचा माग ठेवायला स्वतःच्या सर्व्हरवर रेडमाइन बसवावं की ओपनप्रोजेक्ट? आणि एकदा बसवलं की पुढे काही बघावं लागतं का?

बघावं लागतं. "एकदा बसवलं की झालं" या वाक्यावरून माझे पूर्वी बरेच वाद झाले आहेत, त्यामुळे पहिला प्रश्न चटकन उरकतो आणि दुसऱ्यावर सविस्तर लिहितो.

दोन्ही एकाच घराण्यातली. रेडमाइन २००६ चं, त्यातून २०११ मध्ये चिलीप्रोजेक्ट फुटलं आणि त्यातून ओपनप्रोजेक्ट. दोन्ही रुबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कवर चालतात. छोट्या टीमचं रेडमाइन २ जीबी रॅममध्ये निवांत चालतं. ओपनप्रोजेक्टवाले स्वतःच किमान ४ जीबी सांगतात, आणि त्याहून कमी दिलीत तर एखाद दिवशी त्याचा कंटेनर (डॉकर या साधनात प्रोग्रॅम ज्या बंद डब्यात चालतो तो) १३७ हा कोड देऊन मरतो. याचा अर्थ बहुतेक वेळा मेमरी संपली आणि कर्नलने प्रोसेस मारली. ज्यांना गँट चार्टवर (कामांच्या वेळापत्रकाच्या तक्त्यावर) पट्ट्या ओढायच्या आहेत, कामांच्या कार्डांचे बोर्ड हवेत, त्यांनी ओपनप्रोजेक्ट घ्यावं. नुसतं "कुणाकडे कोणतं काम, कधीपर्यंत" एवढंच हवं असेल तर रेडमाइन, तेही एकही प्लगइन (जादा सोयींचा जोड) न टाकता. रेडमाइनचं अपग्रेड अडतं ते जवळजवळ नेहमी कुणीतरी हौसेने टाकलेल्या आणि मूळ लेखकाने वाऱ्यावर सोडलेल्या प्लगइनमुळे.

आता देखभाल. एका ठिकाणी रेडमाइन व्हर्च्युअल मशीनवर चालत होतं. तिथल्या सिस्टम्स विभागाच्या प्रमुखांचं ठाम मत होतं की रोज रात्री मशीनचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) निघतो, म्हणजे बॅकअप झाला. डेटाबेसचा वेगळा डंप (आतला सगळा डेटा फाइलमध्ये काढलेला), फायलींची वेगळी प्रत हे सगळं डबल काम. एकदा रिकाम्या मशीनवर सगळं परत उभं करून बघू या, असं मी सुचवलं की उत्तर ठरलेलं: "स्नॅपशॉट आहे ना." मध्यंतरी मूळ डिस्क भरत आली म्हणून रेडमाइनचं 'फाइल्स' फोल्डर, म्हणजे जिथे सगळ्या अटॅचमेंट राहतात ते, दुसरी डिस्क जोडून तिथे हलवलं गेलं. स्नॅपशॉटचं काम मात्र पहिल्या डिस्कपुरतंच लावलेलं होतं. ते रोज रात्री यशस्वी होत होतं, अहवालात हिरवी खूण येत होती. त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

मग स्टोरेज गेलं. स्नॅपशॉटवरून मशीन उभं केलं. लॉगिन झालं, सगळे इश्यू (कामांच्या नोंदी) जागेवर, कॉमेंटही जागेवर. पहिल्या अटॅचमेंटवर क्लिक केलं आणि ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही. दुसरीवर, तिसरीवर, तेच. रेडमाइन डेटाबेसमध्ये अटॅचमेंटची फक्त नोंद ठेवतं. खरी फाइल डिस्कवर असते, तीही नाव बदलून आणि वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये. नोंदी सगळ्या होत्या, फाइल एकही नव्हती.

त्यातून जे वाचलं ते कसं वाचलं हे सांगतो, कारण हा मार्ग फारसा कुणी सांगत नाही. रेडमाइनच्या 'अटॅचमेंट्स' टेबलमध्ये प्रत्येक फाइलचं मूळ नाव, डिस्कवरचं नाव, फोल्डर, आकार आणि डायजेस्ट (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) असतं. डायजेस्ट ६४ अक्षरांचं असेल तर ते शा-२५६ चं, ३२ अक्षरांचं असेल तर जुन्या आवृत्तीच्या काळातलं एमडी-५. लोकांच्या लॅपटॉपवर, डाउनलोड्समध्ये, पाठवलेल्या मेलमध्ये त्याच फाइल पडलेल्या असतात. त्या सगळ्या एका ठिकाणी गोळा करायच्या, प्रत्येकीचं डायजेस्ट काढायचं, टेबलशी जुळवायचं, आणि जी जुळेल तिला डिस्कवरचं नाव देऊन योग्य फोल्डरमध्ये ठेवायचं. मालकी ज्या युजरखाली रेडमाइन चालतं त्याची करायची. मग ती अटॅचमेंट जणू काही झालंच नाही अशी उघडते. फाइलचं नाव काय आहे याला इथे महत्त्व नाही, कारण लोक नाव बदलून ठेवतात. जुळणी डायजेस्टवरच करा. पण ज्या फाइल फक्त सर्व्हरवरच होत्या, ग्राहकाने थेट चढवलेल्या, त्या गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा बॅकअपमध्ये काय असावं? डेटाबेसचा डंप, अटॅचमेंटचं फोल्डर, आणि कॉन्फिगरेशन. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. रेडमाइनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डेटाबेस सायफर की लावली असेल, तर एलडॅप (संस्थेची युजरची यादी) आणि रिपॉझिटरीचे (कोडच्या साठ्याचे) पासवर्ड त्या कीने बंद केलेले असतात. ती हरवली तर डंप पूर्ण असूनही ते पासवर्ड उघडत नाहीत. ओपनप्रोजेक्टची 'सीक्रेट की बेस' ही गुप्त कीसुद्धा अशीच बाहेर जपून ठेवा. डॉकरवर असाल तर कंपोजची फाइल (कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी) आणि एन्व्ह फाइल (सेटिंग्जची), दोन्ही.

क्रमही महत्त्वाचा: आधी डेटाबेस, मग फाइल. पोस्टग्रेस या डेटाबेसचा पीजी-डंप चालू सर्व्हरवर काढता येतो. तो सुरू झाला त्या क्षणाचं सुसंगत चित्र देतो आणि लोकांचं काम थांबवत नाही. फाइल नंतर कॉपी केल्या तर डंपमध्ये नोंद असलेली जवळजवळ प्रत्येक फाइल प्रतीत सापडते. मधल्या वेळात चढलेल्या दोन-चार फाइल जास्तीच्या येतात, त्यांचा त्रास नाही. उलट क्रमाने केलंत तर डंपमध्ये नोंद आहे पण फाइल नाही, अशा तुटक्या अटॅचमेंट तयार होतात.

डंप कस्टम फॉरमॅटमध्ये काढा, म्हणजे पीजी-रिस्टोअरला हवं ते टेबल वेगळं काढता येतं. युजर आणि रोल त्यात येत नाहीत; ते पीजी-डंपऑलला फक्त ग्लोबल्स सांगून वेगळे घ्यायचे. डंप थेट पाइपने (एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात) जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ढकलत असाल तर एक सापळा आहे. डंप अर्ध्यात मेला तरी पाइपचा निकाल जीझिपचा धरला जातो, आणि जीझिप तर व्यवस्थित संपलेलं असतं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या लेखी सगळं उत्तम, हातात काही बाइटची फाइल. स्क्रिप्ट बॅशमध्ये लिहा, सुरुवातीला पाइपफेल लावा (म्हणजे मधला टप्पा फसला तर निकालही फसल्याचाच येतो), आणि डंपचा आकार कालच्यापेक्षा एकदम कमी झाला तर मेल येईल अशी सोय करा. एक प्रत नेहमी दुसऱ्या जागी, आणि तिथलं जुनं पुसण्याचा अधिकार या सर्व्हरला असू नये.

महिन्यातून एकदा ही प्रत कोऱ्या मशीनवर उभी करून बघा. उभी करण्याआधी त्या मशीनचा बाहेरचा मेल बंद करा, नाहीतर चाचणीची प्रत सगळ्यांना "काम थकलंय" अशी स्मरणपत्रं पाठवत सुटते. येणाऱ्या मेलमधून इश्यू तयार होण्याची सोय लावली असेल तर धोका आणखी मोठा. चाचणीची प्रत खऱ्या मेलबॉक्समधले मेल वाचते आणि वाचलेले म्हणून खूण करते, मग मूळ सर्व्हरला ते दिसतच नाहीत. क्रॉन बंद, एसएमटीपी (जाणारा मेल) बंद, आयमॅप (येणारा मेल) बंद, मगच सेवा सुरू. त्यानंतर लॉगिन करून जुनी, नवी आणि मधली अशा काही अटॅचमेंट खरोखर उघडून बघा. मुखपृष्ठ दिसलं म्हणजे रिस्टोअर झालं असं धरू नका.

याच प्रतीवर पुढचं अपग्रेड करून बघायचं, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही. डॉकरमध्ये इमेजला (कंटेनरच्या तयार साच्याला) 'लेटेस्ट' टॅग कधीही ठेवू नका. नेमकी आवृत्ती लिहा. अपग्रेडमध्ये डेटाबेसचं मायग्रेशन होतं, म्हणजे त्याची रचना बदलते, आणि जुन्या आवृत्तीकडे परतायचं म्हणजे बॅकअप परत चढवायचा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती नुसता टॅग बदलून वाढत नाही. १३ ने तयार केलेलं डेटा फोल्डर १६ उघडत नाही, लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहून थांबतं. जुन्यातून डंप काढा, नव्यात चढवा. पोस्टग्रेस १८ पासून अधिकृत डॉकर इमेजमध्ये व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा ठेवण्याची जागा) जोडण्याची जागाही बदलली आहे: पूर्वी शेवटच्या 'डेटा' फोल्डरवर जोडायचो, आता एक पायरी वर. जुनी कंपोज फाइल तशीच वापरू नका. आणि चालू डेटा फोल्डर उचलून डेबियनच्या इमेजमधून अल्पाइनच्या इमेजमध्ये नेऊ नका. दोन्हीकडे अक्षरांची क्रमवारी लावणारी लायब्ररी वेगळी आहे, मजकुरावरचे इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) गुपचूप चुकीचे होतात आणि समोर असलेली नोंद शोधात सापडत नाही. तसं झालंच असेल तर रीइंडेक्स करा.

बाकीच्या खोड्या झटपट सांगतो. पुढे एनजिनएक्स (ब्राउझरची विनंती आत पोचवणारा वेब सर्व्हर) असेल तर होस्ट आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे दोन्ही हेडर पुढे पाठवा. दुसरं राहिलं की लॉगिनचा फॉर्म ४२२ हा एरर देतो किंवा पान गोल फिरत राहतं, आणि लोक पासवर्डला दोष देत बसतात. एनजिनएक्सची अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते, रेडमाइनची स्वतःची ५ एमबी. दोन्ही वाढवा, एकच वाढवून उपयोग नाही. डॉकर पोर्ट उघडताना फायरवॉलचे नियम स्वतः लिहितो, यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलच्या साधनाला विचारत नाही. म्हणून पोर्ट १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच मशीनला, बांधा, नाहीतर यूएफडब्ल्यू "बंद" म्हणत असतानाही तुमचा सर्व्हर जगाला उघडा असतो. डॉकरचे लॉग आपोआप फिरत नाहीत, म्हणजे जुने पुसले न जाता वाढतच राहतात. मॅक्स-साइझ १० एमबी आणि मॅक्स-फाइल ३ एवढं लावलं तरी डिस्क भरण्याचं एक मोठं कारण संपतं. लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट मिळणारं एचटीटीपीएसचं) प्रमाणपत्र सहसा ९० दिवसांचं, आणि मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा तारखेवर नजर ठेवणारं काहीतरी आपलं आपण लावा. सर्टबॉट या साधनाने नूतनीकरण केलं तरी एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत जुनंच प्रमाणपत्र दाखवतो. आणि ओपनप्रोजेक्टमध्ये वेब आणि वर्कर (मागची कामं करणारा भाग) वेगळे असतात. वर्कर मेला तरी पान छान उघडतं, फक्त मेल जाणं थांबतं, आणि ते लक्षात यायला आठवडा जातो.

आता स्नॅपशॉटबद्दल थोडं न्यायाने. तो निरुपयोगी नाही. अपग्रेडच्या आधी पाच मिनिटं काढलेला स्नॅपशॉट हा परत फिरण्याचा सगळ्यात जलद रस्ता आहे, मी दर वेळी काढतो. डेटाबेसचे सगळे भाग एकाच क्षणी टिपले गेले असतील तर अचानक वीज गेल्यावर सावरतो तसा पोस्टग्रेस त्यातूनही सावरतो. माझं भांडण त्याला एकमेव बॅकअप म्हणण्याशी आहे. तो बहुतेक ठिकाणी त्याच स्टोरेजवर राहतो, कोणती डिस्क आत आहे हे वरून दिसत नाही, आणि एक इश्यू चुकून पुसला गेला तर तेवढाच परत आणायला पूर्ण मशीन मागे न्यावं लागतं.

तुमच्या टीममध्ये महिन्याला दोन-तीन तास देणारं कुणी नसेल तर स्वतःचा सर्व्हर घेऊच नका, होस्टिंगसकट मिळणारी सेवा घ्या. माणूस असेल तर त्यालाच सगळं माहीत आहे अशी स्थितीही ठेवू नका. रिस्टोअरच्या पायऱ्या कागदावर उतरवा (त्याच सर्व्हरच्या विकीत नको, तो पडला की विकीही पडते), आणि पुढच्या महिन्याची चाचणी दुसऱ्याला तो कागद देऊन करायला लावा. तो जिथे अडेल तिथे तुमच्या कागदात एक पायरी कमी आहे. आणि वरिष्ठ कुणी "स्नॅपशॉट आहे ना" म्हणाले तर तीच चाचणी त्यांच्यासमोर करा, नुसत्या स्नॅपशॉटवरून, आणि त्यांनाच एखादी जुनी अटॅचमेंट उघडायला सांगा.