स्पीकरचं मॅग्नेट आणि झोपलेला लॅपटॉप

प्रश्न : आमचा तासगावात मंडप आणि साउंडचा व्यवसाय आहे. बुकिंग, पोरांचा पगार, उधारी सगळं गोडाऊनमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर आहे आणि त्याला लागूनच वूफरचे बॉक्स रचलेले असतात. मामंजी पहिल्यापासून म्हणतात, मॅग्नेटनं हार्ड डिस्क पुसली जाईल. मी मनावर घेतलं नव्हतं. परवा कॉइल भरायला काढलेला पंधरा इंची स्पीकर टेबलावर उपडा होता, त्यावर सहज लॅपटॉप ठेवला तर स्क्रीन एकदम काळी! उचलला की परत सुरू. मामंजी म्हणाले, "बघ, सांगत होतो." लॅपटॉप गेला का? आणि कॉम्प्युटर हलवायचा तर कुठं? जागाच नाही.
— एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, लॅपटॉप ठणठणीत आहे. तुम्ही झाकण मिटलंत अशी त्याची समजूत झाली, म्हणून तो झोपला. पुष्कळ लॅपटॉपच्या झाकणात कडेला एक बारकं मॅग्नेट असतं आणि खाली, की-बोर्डच्या आसपास आत दडवलेला हॉल सेन्सर, म्हणजे मॅग्नेट जवळ आलं की ओळखणारा पुर्जा. झाकण खाली आलं की मॅग्नेट सेन्सरजवळ येतं आणि स्क्रीन बंद होते. तुमच्या उपड्या स्पीकरचं मॅग्नेट वर होतं, त्यानं हेच काम खालून केलं. खात्री करायची तर जरा ताकदीचं छोटं मॅग्नेट घेऊन तळहात टेकवतो त्या पट्टीच्या कडेनं फिरवा. एका ठरावीक जागी स्क्रीन पुन्हा जाईल. एवढ्यावरून कुणी मदरबोर्ड बदलायला सांगितला तर त्या दुकानातून उठून या.

मामंजींना मात्र हसू नका. ते ज्या काळातलं बोलतात त्या काळात मॅग्नेटची भीती खरी होती, फक्त हार्ड डिस्कसाठी नव्हे, मॉनिटरसाठी. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये मागून इलेक्ट्रॉनचे झोत यायचे आणि काचेच्या आतल्या बाजूला असलेल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांवर आदळायचे. जवळ मॅग्नेट आलं की झोत वाकून भलत्याच रंगावर पडायचा. आतली पातळ लोखंडी जाळी एकदा चुंबकली की स्पीकर उचलून नेला तरी कोपऱ्यातला जांभळा-हिरवा डाग हटायचा नाही. तो घालवायला ट्यूबभोवती तारेचं वेटोळं असायचं. मॉनिटर सुरू करताना 'घण्ण' व्हायचं ते त्याचंच. म्हणून तर कॉम्प्युटरसाठीच्या स्पीकरना शील्डिंग असायचं, म्हणजे मुख्य मॅग्नेटच्या पाठीला उलट्या दिशेनं चिकटवलेलं दुसरं मॅग्नेट आणि वर लोखंडी वाटी. तुमच्या पंधरा इंचीला असलं काही नसतं. आताच्या एलईडी मॉनिटरला त्याची गरजही नाही, कारण त्यात वाकवायला झोतच नाही.

आता हार्ड डिस्क. एखादी मेलेली डिस्क उघडून बघा. चकत्यांच्या अगदी शेजारी निओडिमियमची जबरदस्त मॅग्नेट असतात; चकतीवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडचा दांडा त्यांच्याच जोरावर हलतो. भंगारातल्या डिस्कमधून ती काढून ठेवायचा मला नाद आहे, आणि दोन मॅग्नेटमध्ये बोट सापडलं की काय होतं हेही ठाऊक आहे. कारखान्यातून असा शेजार घेऊनच आलेली डिस्क बाहेरच्या वूफरला कशाला भिईल? आकडेच हवे असतील तर हे घ्या. चकतीवरचं लिखाण पुसायला साधारण 4,000 ते 5,000 ऑर्स्टेड (चुंबकाचा जोर मोजायचं एकक) क्षेत्र लागतं. स्पीकरमध्ये 10,000 गॉसच्या आसपास जोर असतो खरा (हवेत गॉस आणि ऑर्स्टेड यांचा आकडा एकच), पण तो कॉइल जिथं हलते त्या चिंचोळ्या फटीत कोंडलेला असतो. मॅग्नेटच्या पाठीवर काही शे उरतात आणि थोडं लांब गेल्यावर अंतर दुप्पट होईल तसे ते आठव्या हिश्श्यावर येतात. वर बॉक्सची प्लाय आणि कॉम्प्युटरची पत्र्याची पेटी. एसएसडी (चकत्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि पेन ड्राइव्हचा तर प्रश्नच नाही. तिथं माहिती विद्युतभारात साठते, मॅग्नेटशी संबंध नाही.

तरीही कॉम्प्युटर हलवाच, पण कारण वेगळं आहे. तुम्ही गोडाऊनमध्येच बॉक्स वाजवून बघत असणार. रथोत्सवाच्या आधी तर दिवसभर. बेस लागला की टेबल थरथरतं, आणि चालू डिस्कचं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. 2016 च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली. वायू सुटताना इतका मोठा आवाज झाला की हार्ड डिस्क बिघडल्या आणि बँकेची सेवा तासन्‌तास बंद राहिली. आग नाही, पाणी नाही, नुसता आवाज! तुमच्याकडं निदान बॉक्स आणि कॉम्प्युटर एकाच टेबलावर किंवा एकाच फळीवर नकोत. टेस्टिंगच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद करा. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवलीत तर ही कटकटच संपेल, कारण तिच्यात हलणारं काही नसतं. आणि उधारीची वही एकाच यंत्रात ठेवू नका, एक प्रत घरी असू द्या. महापुरात किती दुकानांचे हिशेब चिखलात गेले ते सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको.

तासगावकरांसाठी आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ सांगणार नाहीत. गोडाऊनशेजारी बेदाण्याचं शेड आहे का? गंधकाची धुरी येते का? त्या धुरानं, विशेषतः हवा दमट असेल तर, तांब्या-चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. रॅम काढून बघा. पायांवर काळपट थर दिसला तर मामंजींना दाखवायला खरा चोर सापडला समजा.

शेवटचं अर्थिंग. कार्यक्रमात लॅपटॉपवरून गाणी लावताना चार्जर जोडला की 'हूंऽऽ' येतं आणि लॅपटॉपच्या धातूला हात लागला की मुंग्या येतात, असं होत असेल. हे मॅग्नेट नव्हे. चार्जरमधल्या फिल्टरमुळं अर्थिंग नसलेल्या लॅपटॉपची बॉडी शंभरेक व्होल्टवर तरंगत असते. करंट अगदी थोडा, पण चालू अवस्थेत पिन खुपसली की साउंडचा पोर्ट जाऊ शकतो. आपल्याकडं यावर जालीम उपाय म्हणून थ्री पिनची मोठी, म्हणजे अर्थिंगची पिनच मोडतात. त्यानं हम जाईल, एखाद्या दिवशी माणूसही जाईल. जनरेटरची अर्थ नीट गाडा, लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा आणि मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे हम अडवणारी छोटी डबी, टाका.

प्रश्न : माझ्या गुरुजींच्या शिकवणीच्या जुन्या कॅसेट आहेत. जागेअभावी त्या मोठ्या स्पीकरच्या बॉक्सवर रचून ठेवल्या आहेत. चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही चालणार, आजच खाली उतरवा. इथं मामंजींचा नियम पूर्ण लागू आहे. साध्या तपकिरी टेपचं लिखाण 300 ते 400 ऑर्स्टेडला पुसतं, म्हणजे हार्ड डिस्कच्या दहाव्या हिश्श्यालाही. बॉक्सच्या माथ्यावर सगळं जाईलच असं नाही, पण उघड्या मॅग्नेटजवळ ठेवलेल्या टेपवर खरखर वाढते, बारीक हरकती पुसट होतात, आणि गेलेलं कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. दोन फूट लांब, कोरड्या कपाटात उभ्या ठेवा.

खरं काम पुढं आहे : त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसणारी कॅसेट लावू नका, नाहीतर ती बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटना लागेल. टेपमागची स्पंजची गादी निसटलेली असेल तर दुसऱ्या कॅसेटची बसवता येते. आवाज डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल) ठेवा, एमपीथ्री फक्त वाटायला. आणि तंबोरा खरखरीत लपलाय म्हणून 'नॉइज रिमूव्ह' मारू नका; खरखरीबरोबर तंबोराही जातो. मिरजेत राहून एवढं तरी सांभाळायला हवं.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर बसवला आहे. घरात होम थिएटर आहे. मॅग्नेटचा धोका?
— एक वाचक, सातारा

उत्तर : त्याच खोलीत बसून ऐकायला हरकत नाही. मॅग्नेट छातीवर अगदी जवळ आलं तर बहुतेक पेसमेकर ठरावीक गतीच्या मोडमध्ये जातात आणि मॅग्नेट दूर झालं की पूर्ववत होतात. शॉक देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी असेल तर मॅग्नेट जवळ असेपर्यंत त्याचा शॉकच थांबू शकतो, आणि ते जास्त गंभीर. म्हणून वडिलांनी स्पीकर छातीशी कवटाळून उचलायचा नाही, सुटं मॅग्नेट किंवा इअरफोन शर्टाच्या खिशात ठेवायचे नाहीत, मोबाईल त्या जागेपासून 15 सेंटिमीटर तरी लांब. यंत्राचं कार्ड घेऊन पुढच्या तपासणीला डॉक्टरांना नेमका प्रकार विचारून घ्या.