एसएफ-८६ फॉर्ममध्ये कॉलेजातला गांजा लपवला तर चालेल का?

नाही. मुलाला आजच फोन करा आणि खरं तेच लिहायला सांगा. एसएफ-८६ म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायच्या परवानगीसाठी, अमेरिकन सरकारला भरून द्यायचा फॉर्म.

तुमचा मुलगा जन्माने अमेरिकन, मेरीलँडमध्ये संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपनीत नोकरी लागलीय, कॉलेजात अधूनमधून गांजा ओढायचा. पोलिसांत नोंद नाही, मग ‘नाही’वर खूण केली तर कोणाला कळणार, असं तुम्ही विचारलंय. मी व्हर्जिनियात अशाच एका कंपनीच्या सिक्युरिटी विभागात आहे. नव्या मुलांना हा फॉर्म भरायला मदत करणं माझं रोजचंच काम. ‘उगाच कशाला लिहायचं?’ हा सल्ला आपल्या आईवडिलांकडून फार ऐकते, आणि पोरांचं नुकसान होतं ते त्यानेच.

कळतं ते असं. फॉर्मवर ओळखीच्या माणसांची नावं द्यावी लागतात. तपासनीस त्यांना भेटतात, त्यांच्याकडून आणखी नावं घेतात. जुना रूममेट सहज बोलून जातो, कारण त्याच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नसतंच.

क्लिअरन्स द्यायचा की नाही हे २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांवर ठरतं. ड्रग्जचा निकष ‘एच’, वर्तनाचा आणि खरेखोटेपणाचा ‘ई’. गांजा सोडून बराच काळ झाला, पुन्हा घेणार नाही असं लिहून दिलं, तर ‘एच’मधून सुटायला वाव असतो. नुसत्या जुन्या गांजावरून नकार ठरवू नये, असं राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी २०२१ मध्ये सगळ्या खात्यांना कळवलंय. हमी अर्थातच कोणी देत नाही. पण जाणूनबुजून खोटं लिहिलं तर प्रश्न गांजाचा उरतच नाही, या माणसावर गुपितं सोपवायची का, असा होतो. शिवाय असं खोटं लिहिणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कलम २३ मध्ये मागच्या ७ वर्षांबद्दल विचारतात: पहिल्यांदा कधी घेतला, शेवटचा कधी, किती वेळा, पुढे घ्यायचा विचार आहे का. महिना आठवत नसेल तर अंदाजे लिहिता येतो. इथे दिलेलं खरं उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही, असं त्याच कलमात छापलेलं आहे. लोक ते वाचतच नाहीत.

आणि अजूनही शनिवार-रविवारी गमी (गांजा घातलेल्या गोळ्या) खात असेल तर ताबडतोब बंद. मेरीलँडने २०२३ मध्ये मोकळीक दिली, पण क्लिअरन्सला राज्याचा कायदा लागत नाही. सध्या बेकायदा ड्रग्ज घेणाऱ्याला किंवा त्यांचं व्यसन असलेल्याला क्लिअरन्स द्यायला संघराज्याच्या कायद्यानेच मनाई आहे.

फॉर्म आधीच ‘नाही’ लिहून पाठवला असेल, तरी वेळ गेलेली नाही. समोरून कोणी पुरावा ठेवायच्या आत आपणहून चूक दुरुस्त केली, तर ‘ई’ निकषात ती बाजू जमेस धरतात. मुलाखतीची तारीख यायची वाट न बघता कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला ईमेल करू दे.