सिलिकोन रबर : लवचिक, स्थितिस्थापक की चिवट?

सिलिकोन रबराच्या वर्णनात ‘लवचिक’, ‘स्थितिस्थापक’ आणि ‘चिवट’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते वापरू नयेत, कारण या तीन गुणांची मुळे रेणूच्या रचनेत तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. (मूलद्रव्य ते सिलिकॉन आणि त्यापासून बनलेले बहुवारिक, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, ते सिलिकोन, हा भेदही लेखनात पाळावा.)

‘लवचिक’मधले लवणे म्हणजे वाकणे. सिलिकोनच्या साखळीचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंचा असतो. हा सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा लांब असून ऑक्सिजनपाशी होणारा सुमारे १४० अंशांचा कोन सहज कमीजास्त होतो. शिवाय ऑक्सिजनला बाजूचे गट (जोडलेले अणुसमूह) नसल्यामुळे साखळी जवळजवळ मोकळेपणाने फिरते. त्यामुळेच तिचे काचसदृश, म्हणजे थिजलेल्या कडक अवस्थेत रूपांतर सुमारे उणे १२५ अंश सेल्सिअसला होते. उणे ४० अंशांच्या आसपास स्फटिकीभवनाने (साखळ्या नियमित रचनेत बसल्याने) ती ताठरते खरी, पण सिलिकॉनला जोडलेल्या काही मिथिल (एका कार्बनच्या) गटांच्या जागी फिनिल (बेंझीन-वलयाचे) गट आणून साखळीची नियमितता मोडली की हा ताठरपणा टाळता येतो.

‘स्थितिस्थापक’ म्हणजे ताण काढताच मूळ आकारात परतणारे. नुसत्या लवचिक साखळ्या परतत नाहीत. त्या एकमेकींवरून घसरतात आणि पदार्थ दाट तेलासारखा वाहतो. त्यांच्यात अधूनमधून आडबंध, म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे बंध, घातले की सलग जाळे तयार होते. ताणल्यावर सरळ झालेल्या साखळ्यांना उष्णताजन्य हालचाल पुन्हा वेटोळ्यांच्या अव्यवस्थित स्थितीकडे आणते, आणि परतण्याचे बळ मुख्यतः तिथूनच येते. दोन आडबंधांमधली साखळी जितकी आखूड, तितके रबर ताठ. म्हणजेच आडबंध वाढवले तर लवचिकता घटते, स्थितिस्थापकता मात्र टिकून राहते; दोन्ही शब्द समानार्थी असते तर हे विधानच करता आले नसते. पोलादही स्थितिस्थापक असते, पण पोलादाच्या जाड कांबीला कोणी लवचिक म्हणत नाही.

‘चिवट’, म्हणजे सहज न तुटणारे वा न फाटणारे, हे विशेषण सर्वांत जपून वापरावे. मिथिल गटांनी वेढलेल्या या साखळ्यांमधले परस्पर आकर्षण फार क्षीण असल्यामुळे भरणद्रव्याविना (बळकटीसाठी मिसळायच्या पुडीविना) केलेले सिलिकोन रबर लवकर फाटते. अतिसूक्ष्म सिलिका (सिलिकॉन डायऑक्साइड) हे भरणद्रव्य मिसळल्यावर तिच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट साखळीतील ऑक्सिजनला धरून ठेवतात आणि रबराचे ताणबल (तुटेपर्यंत सोसलेला ताण) अनेक पटींनी वाढते. अशा भरणयुक्त रबरालाच चिवट म्हणणे योग्य.