गीझरच्या पुस्तिकेत 'हार्डवायर्ड' लिहिलंय, म्हणजे काय? प्लग लावला तर चालणार नाही का?

हार्डवायर्ड म्हणजे मध्ये प्लग-सॉकेट नाही, वायर थेट फिटिंगला, टर्मिनलवर स्क्रूनं आवळलेली. आमच्या सांगलीत याला 'डायरेक्ट' म्हणतात. पण टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळली तरी लोक 'डायरेक्ट केलंय' म्हणून मोकळे होतात. ते हार्डवायर्ड नव्हे.

मी आयटीआय केलेला वायरमन. आमच्या दाजींनी विश्रामबागेत फ्लॅट घेतला आणि साडेचार किलोवॅटचा इन्स्टंट गीझर आणला. 230 व्होल्टवर तो साडेएकोणीस अँपिअर ओढतो, आणि आपलं पॉवर सॉकेट 16 चं. मी म्हटलं, दाजी, स्वतंत्र लाइन टाकू, 4 चौरस मिमीची तांब्याची वायर, 25 चा डबल पोल एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. दाजी म्हणाले, "मेव्हणं, कशाला खर्च? प्लग असला की कधीबी उपसता येतोय." बिल्डरच्या माणसानं 16 च्या सॉकेटला जोडूनही दिला.

पुढं बाथरूमबाहेर जळका वास यायला लागला म्हणून ताईनं मला बोलावलं. प्लेट तपकिरी पडलेली, फेजची पिन आतल्या पत्तीला चिकटलेली, मागच्या वायरीचं इन्सुलेशन बोटानं दाबलं तर चुरा होत होतं. एमसीबी पडला नव्हता. तो पडणारही नव्हता, 20 चा होता, त्याच्या हिशोबानं करंट मर्यादेतच. पत्ती सैल झाली की तिथं उष्णता तयार होते, ती एमसीबीला कळत नाही. दाजी आजही सांगतात, सॉकेट लोकल होतं. नव्हतं, आयएसआयचं होतं, मी स्वतः वाचलंय. कितीही भारीतलं घ्या, 16 चं ते 16 चंच.

आणि 'उपसता येतो' याला उत्तर आहे: हार्डवायर्ड जोडणीत जवळ डबल पोल स्विच बसवायचाच. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. अर्थिंग मात्र स्विचमधून नेऊ नका, ते सलगच पाहिजे.

तुमचा गीझर दोन किलोवॅटचा साठवणीचा असेल तर तो नऊ अँपिअरच्या आतच ओढतो, पुस्तिकेत प्लगची परवानगी असेल तर 16 च्या सॉकेटवर खुशाल लावा. पण तुमच्या पुस्तिकेत हार्डवायर्ड लिहिलंय ना, मग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर त्याच खेपेत बसवा.