जिन्यात तुटणारा आवाज

प्रश्न : संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरून लेकीशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत बोलत सुरसागर तळ्याला फेरी मारायला निघते. जिन्याच्या तळाशी नेमका आवाज तुटतो. साधा फोन केला तर तुटत नाही. असं का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, खोड तुमच्या फोनची. घरचं वायफाय जिन्यात धुगधुगी धरून असतं आणि फोन त्याला चिकटून बसतो. शेवटी मोबाइल नेटवर्कवर उडी मारतो तेव्हा त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ठिकाणा, बदलतो. बिऱ्हाड हलवलं आणि पोस्टमनला कळवलंच नाही, अशातली गत! अ‍ॅपला जोडणी नव्यानं जुळवावी लागते, तेवढ्यात "आई, ऐकू येतंय का?"

साध्या कॉलचा थाट वेगळा. फोर-जीवर तो 'व्होल्टी'नं, म्हणजे फोर-जीवरूनच आवाज नेणाऱ्या सोयीनं जातो, तेव्हा टॉवर त्याला राखीव रांग देतो. मोबाइल नेटवर्कच्या मानकात त्या रांगेचं नाव क्यूसीआय १. वेगाची हमी, उशिराची मर्यादा १०० मिलिसेकंद. व्हॉट्सअ‍ॅप कॉल मात्र टॉवरच्या लेखी नुसता डेटा, शेजाऱ्याच्या क्रिकेटच्या व्हिडिओबरोबर एकाच रांगेत. तळ्याभोवती टॉवर बदलला तरी पत्ता सहसा तोच राहतो, आणि जुना टॉवर हातातली डेटाची पाकिटं नव्याकडे सरकवतो. म्हणून तिथं फारसं अडत नाही.

चपला घालतानाच वायफाय बंद करा, मग लेकीला फोन लावा. मी रावपुऱ्यात हेच करतो. परतल्यावर ते चालू करायचं विसरतो, ते सोडा.